गांधीलमाशीच्या वेशातली दरोडेखोर माशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऑगस्ट अर्धा सरला की दक्षिण इंग्लंड आणि वेल्समध्ये राहणाऱ्या मराठी मंडळींकडून एकाच किड्याचे फोटो यायला लागतात. पिवळंजर्द बूड, त्याच्या पुढे काळी मखमल, तोंडावर झुपकेदार मिशा, आणि बैठक बहुतेक वेळा शेणाच्या पोवर. महाराष्ट्रातून येतात ते तिच्या चुलत बहिणींचे फोटो, भुईमुगाच्या शेतातले किंवा गच्चीवरच्या कुंडीतले. दोन्हीकडचे प्रश्न पुष्कळसे सारखेच असतात, म्हणून उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

हा किडा नेमका कोण?

ही माशी आहे. शास्त्रीय नाव आसिलस क्रॅब्रोनिफॉर्मिस. इंग्रजीत तिला हॉर्नेट रॉबरफ्लाय म्हणतात. आपण दरोडेखोर माशी म्हणू, कारण या सगळ्या कुळाचा धंदाच वाटमारीचा आहे. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रूढ करणाऱ्या लिन्नियसने १७५८ साली आपल्या ‘सिस्टिमा नॅचुरी’च्या दहाव्या आवृत्तीत तिची नोंद केली. पुढे तिच्याच गटाच्या नावावरून अख्ख्या कुळाला ॲसिलिडी हे नाव मिळालं. या कुळात आज जगभरातल्या साडेसात हजारांहून जास्त जाती मोडतात. ब्रिटनच्या वाट्याला त्यातल्या तीससुद्धा आलेल्या नाहीत, पण त्या मोजक्यांत ही सगळ्यांत नजरेत भरणारी. लांबी साधारण २५ मिलिमीटर, म्हणजे ब्रिटनमधल्या सगळ्यात मोठ्या माश्यांमध्ये तिची गणना होते.

मला तर ती सरळसरळ गांधीलमाशी वाटली. फरक कसा ओळखायचा?

पुस्तकात लिहिलेलं असतं की पंख मोजा: गांधीलमाशीला चार, माशीला दोन. बरोबर आहे, पण बसलेल्या किड्याचे मिटलेले पंख कोण मोजत बसणार? त्यापेक्षा तोंड बघा. दरोडेखोर माशीचे डोळे मोठे, दोन बाजूंना फुगलेले, आणि त्यांच्या मधोमध माथ्यावर चक्क खोबण असते. ही खोबण म्हणजे या कुळाची खूण. दुसऱ्या कुठल्या माशीत ती इतकी ठसठशीत दिसत नाही. तोंडाच्या पुढे राठ केसांचा झुपका, त्याखाली खाली झुकलेली टणक चोच. मिशी आणि चोच दोन्ही दिसली तर शंका उरत नाही.

मग रंग बघा. या माशीच्या पोटाचा पुढचा भाग काळा आणि मागचा पिवळा, अशी सरळ फाळणी असते. पंखांवर मधाच्या रंगाची झाक आणि पाय पिवळट तांबूस. युरोपीय गांधीलमाशीचं पोट पिवळं असून त्यावर तपकिरी-काळी नक्षी शेवटपर्यंत जाते, कंबर बारीक आवळलेली असते आणि मिशा (डोक्यावरच्या, स्पर्शाच्या) लांब आणि मुडपलेल्या असतात. माशीच्या त्या आखूड.

ब्रिटनमध्ये या ओळखीला अलीकडे जरा जास्त महत्त्व आलं आहे. २०१६ साली ग्लॉस्टरशायरमधल्या टेटबरीत बाहेरून आलेली, मधमाश्यांचा फडशा पाडणारी आशियाई गांधीलमाशी पहिल्यांदा सापडली आणि तेव्हापासून लोकांना पिवळं-काळं काही दिसलं की ते दचकतात. आशियाई गांधीलमाशी एकंदरीत काळसर, पोटाच्या मागच्या भागात एक रुंद नारिंगी-पिवळा पट्टा आणि पायांची टोकं पिवळी. आपल्या माशीचं पोट मागे पूर्ण पिवळं असतं. चप्पल उचलण्याआधी एवढं बघून घ्या. एक कळकळीची विनंती म्हणून सांगतो, कारण ‘मारली, आता सांगा काय होती’ असे फोटोही येतात.

गांधीलमाशीचा वेश कशासाठी?

पक्ष्यांनी दूर राहावं म्हणून. ज्या पक्ष्याला एकदा डंख बसला तो पुन्हा पिवळ्या-काळ्याच्या वाटेला सहसा जात नाही, आणि त्या धड्याचा फायदा बिनडंखाच्या किड्यांनाही मिळतो. उघड्या माळावर, आखूड गवतात, दिवसाढवळ्या ताठ बसून राहायचं असेल तर असा पोशाख उपयोगी पडतो. भक्ष्याला फसवण्यासाठी हा वेश आहे असं काही जण समजतात, पण नाकतोडा काही रंग पाहून निर्धास्त होत नाही. त्याला फसवायची गरजही नसते, वेगच पुरतो.

चावते का?

स्वतःहून नाही. मुठीत धरलीत तर चोच खुपसते, आणि ते चांगलंच झोंबतं. तिला नांगी नाही, ती रक्त पीत नाही, आणि माणसाला किंवा गुरांना रोग देत नाही.

शिकार कशी करते?

आधी बसून राहते. एखादा दगड, उघडी माती, वाळत चाललेला शेणाचा पो, जिथून चारी बाजूंचं दिसेल अशी जागा. उन्हात अंग तापवत बसायचं आणि डोकं सतत इकडेतिकडे फिरवायचं. डोकं फिरवणारी माशी तुम्ही कधी पाहिली नसेल तर हे दृश्य जरूर पाहा. माशीला मान असते हे तेव्हाच लक्षात येतं. काहीतरी उडत गेलं की ही झेपावते, सहा पायांची ओंजळ करून ते हवेतच पकडते आणि खाली उतरून खायला बसते. पायांवर काट्यांसारखे राठ केस असतात, त्यामुळे धरलेलं सुटत नाही. तोंडावरचा झुपका चेहरा वाचवायला असतो: पंजात सापडलेली मधमाशी किंवा भुंगेरा शेवटपर्यंत पाय झाडत असतो.

उडणाऱ्या भक्ष्यावर नेम कसा साधतो याचा उत्तम अभ्यास झाला आहे, पण तो हिच्यावर नव्हे, तर हिच्या अमेरिकेतल्या एका चिमुकल्या नातेवाइकावर. होल्कोसेफाला फुस्का नावाची ही माशी जेमतेम तांदळाच्या दाण्याएवढी, ६ मिलिमीटरची. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी बारीक दोऱ्यावर मणी ओवला, तो माशीसमोरून सरकवला आणि अतिवेगवान कॅमेऱ्यांनी तिची झेप टिपली. हे काम २०१७ साली ‘करंट बायॉलॉजी’ या नियतकालिकात आलं. त्यातून दिसलं ते असं: माशी भक्ष्याच्या मागे धावत नाही, ते जिथे पोचणार आहे तिथे जाते. त्यासाठी ती एकच गोष्ट सांभाळते. आपल्याकडून भक्ष्याकडे जाणाऱ्या दृष्टिरेषेची दिशा बदलू द्यायची नाही. दर्यावर्दी लोकांना हा नियम जुना ठाऊक आहे. समोरच्या जहाजाची दिशा तीच राहिली आणि अंतर कमी होत गेलं, तर टक्कर ठरलेली. जहाजं ती टाळायला बघतात, माशी ती घडवून आणते.

पुढचा भाग मला त्याहून आवडतो. भक्ष्य सुमारे ३० सेंटिमीटरवर आलं की होल्कोसेफाला मार्ग बदलते, वेग कमी करते, आणि किंचित मागच्या बाजूने, भक्ष्याच्याच चालीने जाऊन त्याला अलगद धरते. भरधाव आदळण्यापेक्षा हे सोपं आणि कमी धोक्याचं. एवढं सगळं करायला डोळा तसा लागतो. तिच्या संयुक्त डोळ्याच्या पुढच्या भागातली भिंगं बाकीच्यांपेक्षा मोठी आहेत, ७८ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). ती थेट मोठ्या चतुराच्या भिंगांशी बरोबरी करतात, आणि चतुर तिच्या कितीतरी पट मोठा असतो.

आसिलस क्रॅब्रोनिफॉर्मिस आकाराने बरीच मोठी, बसते जमिनीलगत आणि तिची झेपही सहसा खालून आणि आखूड असते. त्यामुळे वरचे सेंटिमीटर तिला जसेच्या तसे चिकटवू नका.

धरल्यावर मारते कशी? भुंगेऱ्याचं कवच फोडते का?

कवच फोडायची गरज पडत नाही. उडताना भुंगेऱ्याचे वरचे टणक पंख उघडे असतात आणि त्याखालची मऊ पाठ उघडी पडते. शिवाय मानेचा सांधा असतो, डोळे असतात. माशी अशाच फटीत चोच घालते. चोचीतून लाळ आत जाते, आणि त्या लाळेत दोन कामांचं मिश्रण असतं: एक भाग मज्जासंस्थेला लुळं करतो, दुसरा आतलं मांस विरघळवतो. मग उरतं ते तो द्राव ओढून घेणं. थोड्या वेळाने जमिनीवर पोकळ टरफल पडलेलं असतं.

दरोडेखोर माश्यांचं हे विष बराच काळ दुर्लक्षित राहिलं होतं. २०१८ मध्ये ‘टॉक्सिन्स’ या नियतकालिकात युरोपातल्या दोन आणि ऑस्ट्रेलियातल्या एका जातीच्या विषाचे तपशील प्रसिद्ध झाले. युरोपीय अभ्यासात त्यातल्या काही घटकांना ॲसिलिडिन असं नाव दिलं गेलं, आणि त्यातला एक मधमाशीवर तपासला तेव्हा तो मज्जासंस्थेवर काम करतो हे दिसलं. कोळी, विंचू, साप यांच्या विषावर ढिगांनी कागद खर्च झाले असताना साडेसात हजार जातींच्या या विषारी कुळाकडे इतक्या उशिरा लक्ष जावं, याचं मला नवल वाटतं.

ती नेहमी शेणावरच का दिसते? शेण खाते की काय?

शेण ती खात नाही, पण तिचं सगळं आयुष्य शेणाभोवती फिरतं. हा प्रश्न या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा आहे, तेव्हा जरा सविस्तर.

चरणाऱ्या गाईने पो टाकला की काही वेळातच त्यावर गर्दी होते. शेणमाश्या येतात, शेणकिडे येतात, त्यांच्या पाठोपाठ त्यांना खाणारे भुंगेरे येतात. उन्हात वरची साय वाळते, आत ओल राहते आणि त्या ओलीत शेकडो अळ्या वाढतात. प्रौढ दरोडेखोर माशीला हा पो म्हणजे बसायला उबदार, उंचावरची जागा आणि वर येणाऱ्याजाणाऱ्या शेणकिड्यांची रांग. तिच्या खाण्यात शेणकिडे भरपूर असतात, जोडीला नाकतोडे, इतर माश्या, पतंग, कधी मधमाश्या.

मादी अंडी घालते तीही पोमध्ये, पोखाली किंवा त्याच्या लगतच्या मातीत. गाईचं शेण चालतं, घोड्याची लीद चालते, मेंढ्या-सशांच्या लेंड्यांचीही नोंद आहे. अंड्यातून निघालेली अळी मातीत उतरते आणि तिथे शेणकिड्यांच्या आणि इतर भुंगेऱ्यांच्या अळ्यांवर जगते. आईबाप वर उन्हात जे खातात त्याचंच बालरूप ही खाली अंधारात खाते. अळीला पूर्ण वाढायला दोन ते तीन वर्षं लागतात असं मानलं जातं. माळावर आपल्याला दिसते ती पंखांची माशी म्हणजे या लांबलचक कहाणीचं शेवटचं, काही आठवड्यांचं पान.

आता यातली अट लक्षात घ्या. सलग दोन-तीन वर्षं त्याच कुरणात शेण पडत राहिलं पाहिजे, त्यात किडे जगले पाहिजेत आणि खालची माती कोणी उलथता कामा नये. एक वर्ष गुरं आली नाहीत, किंवा एकदाच नांगर फिरला, तरी साखळी तुटते.

शेण तर सगळीकडे आहे. मग ती दुर्मीळ का?

कारण सगळ्या शेणात जीव राहिलेला नाही.

१९८१ मध्ये आयव्हरमेक्टिन हे औषध जनावरांसाठी बाजारात आलं. पोटातले जंत, कातडीवरची खरूज, गोचीड, सगळ्यांवर एकाच फटक्यात उपाय. ज्या शोधातून ते आलं त्यासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ मध्ये नोबेल मिळालं, आणि ते रास्तच होतं. माणसांमधल्या नदी-अंधत्वाविरुद्ध (जंतांमुळे दृष्टी घालवणाऱ्या रोगाविरुद्ध) या औषधाने केलेलं काम अफाट आहे. पण गाईच्या अंगात गेलेलं हे औषध बहुतांशी न बदलता शेणावाटे बाहेर पडतं आणि शेणातही आपलं काम चालू ठेवतं. तिथे जंत नसतात, माश्यांच्या आणि शेणकिड्यांच्या अळ्या असतात.

ब्रिस्टॉल विद्यापीठाच्या रिचर्ड वॉल आणि लेस स्ट्राँग यांनी १९८७ साली ‘नेचर’मध्ये एक छोटा लेख लिहिला. वासरांच्या पोटात हळूहळू औषध सोडणारी गोळी बसवून त्यांनी त्यांचं शेण कुरणात ठेवलं, शेजारी औषध न दिलेल्या वासरांचं. सुमारे शंभर दिवसांनी साधं शेण जवळजवळ मातीत मिसळून गेलं होतं. औषधाचं शेण जागच्या जागी पडून होतं. ते कुजवायला कोणी आलंच नव्हतं, किंवा आलेले जगले नव्हते. या लेखावर नंतर खूप वाद झाले: गोळी, इंजेक्शन आणि पाठीवर ओतायचं औषध यांचे परिणाम सारखे नसतात, हवामानाने फरक पडतो, औषध न दिलेली गुरं त्याच कळपात असतील तर नुकसान कमी होतं. हे सगळं खरं. तरी मूळ मुद्दा टिकला आहे की औषधानंतरच्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत पडलेलं शेण अळ्यांना घातक ठरतं.

दरोडेखोर माशीला याचा फटका दुहेरी बसतो. खायचे शेणकिडे कमी होतात, आणि पिल्लांच्या पुढ्यातलं अन्नही जातं. शिकारी प्राणी मुळात संख्येने कमी असतात, त्यामुळे खालची पायरी डळमळली की ते आधी पडतात. शेणकिडे नाहीसे झाले तर काय होतं याचा धडा ऑस्ट्रेलियाने उलट्या बाजूने घेतला होता. तिथल्या देशी किड्यांना कांगारूच्या कोरड्या लेंड्यांची सवय, गाईचं पातळ शेण त्यांना झेपेना, कुरणं पोंनी झाकून गेली आणि माश्या माजल्या. शेवटी जॉर्ज बोर्नमिस्सा यांच्या पुढाकाराने १९६०च्या दशकात बाहेरून शेणकिडे आणून सोडावे लागले.

म्हणजे जनावरांना जंतनाशक द्यायचंच नाही का?

द्यायचं. आजारी जनावराला औषध नाकारून माशी वाचवा असं कोणी म्हणत नाही, आणि म्हणत असेल तर त्याने आधी एखादा गोठा सांभाळून बघावा. वाद आहे तो सरसकट, तारखेप्रमाणे, सगळ्या कळपाला एकदम दिलेल्या डोसाबद्दल. शेण तपासून जंतांची अंडी किती आहेत ते बघायचं, ज्याला गरज आहे त्यालाच द्यायचं, औषध दिलेली गुरं पहिले काही दिवस माशीसाठी राखलेल्या कुरणाऐवजी दुसरीकडे ठेवायची, आणि निवड असेल तर शेणकिड्यांना कमी घातक औषध घ्यायचं. मॉक्सिडेक्टिन हे त्याच घराण्यातलं असूनही शेणकिड्यांना बरंच सौम्य पडतं. यातला पहिला उपाय शेतकऱ्याच्या खिशालाही परवडतो, कारण एकच औषध सारखं वापरलं की जंतच त्याला पुरून उरतात. माझ्या मते गोठेवाल्यांना पटवायचं असेल तर माशीची गोष्ट मागाहून सांगावी, ही आधी.

औषधाखेरीज आणखी कारणं?

आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये अन्न पिकवण्याच्या धडाक्यात जुनी कुरणं नांगरली गेली, उरलेल्यांत खत घालून दाट गवत वाढवलं गेलं. या माशीला हवी असते उघड्या मातीचे तुकडे असलेली, विरळ, उन्हात तापणारी जमीन: खडूच्या टेकड्या, हीदर या ठेंगण्या झुडपांचे माळ, दक्षिणेकडे तोंड केलेले उतार. दाट गवतात ती टिकत नाही. उलटही घडतं. लहान उतार गुरांना परवडेना म्हणून सोडून दिले जातात, मग झुडपं माजतात आणि शेणही बंद होतं. १९५३ मध्ये मिक्सोमॅटोसिस या सशांच्या रोगाची साथ ब्रिटनमध्ये पोचली, बहुतेक ससे मेले, आणि सशांनी कुरतडून आखूड ठेवलेली कितीतरी कुरणं वाढून गेली.

तिला कायद्याचं संरक्षण आहे का?

ब्रिटनच्या जैवविविधता कृती आराखड्यात तिला अग्रक्रमाची जाती म्हणून स्थान मिळालं होतं. इंग्लंडमध्ये २००६च्या कायद्याच्या कलम ४१च्या यादीत ती आहे, आणि वेल्सच्या २०१६च्या पर्यावरण कायद्याखालच्या यादीतही. याचा अर्थ सरकारी खात्यांनी निर्णय घेताना तिचा विचार करायचा असतो. तुम्ही एक पकडलीत म्हणून पोलीस येणार नाहीत.

महाराष्ट्रात सापडते का?

ही जात नाही. तिचा पसारा युरोपात आणि तिथून पूर्वेला मध्य आशियापर्यंत. पण कुळ आपल्याकडे भरपूर आहे. भारतात प्रोमॅकस, ओमॅटियस, फिलोडिकस, मायक्रोस्टायलम अशा कितीतरी गटांच्या दरोडेखोर माश्या आहेत. पावसाळ्यात आणि त्यानंतर बांधावरच्या काटकीच्या टोकावर, तारेच्या कुंपणावर, एखाद्या सुकलेल्या तुऱ्यावर त्या ताठ बसलेल्या दिसतात. बहुतेक करड्या-तपकिरी, लांबट, निमुळत्या पोटाच्या. गुरांच्या आसपास दिसली की लोक तिला गोमाशी समजून झोडतात. गोमाशी गुरांचं रक्त पिते. दरोडेखोर माशी गुरांजवळ आलीच, तर तिथे घोंगावणाऱ्या माश्यांसाठी.

आपल्याकडचं चित्र एका बाबतीत वेगळं आहे. गोठ्यातलं शेण आपण जमिनीवर पडू देत नाही. गोवऱ्या होतात, शेणखताच्या उकिरड्यात जातं, आता गोबरगॅसमध्येही जातं. किड्यांच्या वाट्याला येतं ते गायरानात, माळावर, धनगरांच्या वाटेवर पडलेलं. आयव्हरमेक्टिनची इंजेक्शनं मात्र आपल्याकडेही गोचीड आणि खरजेसाठी सर्रास दिली जातात.

मग ती शेतकऱ्याची मित्र की शत्रू?

ती कोणाचीच कोणी नाही, तिला भूक लागते. तिच्या तावडीत नाकतोडाही सापडतो आणि मधमाशीही. तराजू लावायचाच तर या कुळाच्या अळ्यांकडे बघा. पुष्कळ जातींच्या अळ्या मातीतल्या भुंगेऱ्यांच्या अळ्या खातात, आणि उसात हुमणीने हैराण झालेल्याला ‘भुंगेऱ्याची अळी’ म्हणजे काय हे मी सांगायला नको. तेव्हा नांगरताना मातीत पांढरट, बिनपायांची, दोन्ही टोकांना निमुळती अळी दिसली तर ती हुमणी नव्हे. हुमणीला सहा पाय असतात आणि ती इंग्रजी सी अक्षरासारखी वळलेली असते.

हा हिशेब दोन्ही बाजूंनी कसा येतो ते अर्जेंटिनाच्या पम्पास गवताळ प्रदेशात दिसतं. तिथली मॅलोफोरा रुफिकाउडा ही दरोडेखोर माशी पोळ्यांच्या आसपास मधमाश्या पकडते म्हणून मधपाळ तिला शिव्या घालतात. पण तिच्या अळ्या हुमणीसारख्याच, पिकांची मुळं खाणाऱ्या अळ्यांवर परजीवी म्हणून जगतात. ती अंडी घालते उंच गवताच्या काड्यांवर किंवा कुंपणाच्या तारेवर. अंड्यातून निघालेल्या अळ्या वाऱ्याने खाली पसरतात आणि मातीत आपलं भक्ष्य हुंगत शोधतात. मधपाळ आणि शेतकरी एकाच घरात असतील तर जेवताना काय बोलणं होत असेल!

नर-मादी कसे ओळखायचे?

पोटाचं टोक बघा. मादीचं निमुळतं होत जातं, अंडी खुपसण्यासाठी. नराचं टोक बोथट, आणि त्यावर चिमट्यासारखे अवयव असतात. जोडी जमली की दोघं शेपटीला शेपटी लावून, तोंडं विरुद्ध दिशांना करून बसतात. या स्थितीत त्यांचे फोटो सहज मिळतात, उडायला दोघांचं एकमत व्हावं लागतं.

तिला कोण खातं?

पक्षी, कोळी, चतुर. आणि दुसरी दरोडेखोर माशी. आपल्याच जातीवर हात टाकण्यात या कुळाला काही वावगं वाटत नाही.

घरी डब्यात ठेवून मुलांना दाखवता येईल का?

नको. ऊन, जागा आणि उडतं भक्ष्य यांशिवाय ती जगणार नाही. मुलांना तिच्याकडे घेऊन जा.

कधी आणि कुठे बघायला जावं?

माश्या जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत दिसतात, पण खरा हंगाम ऑगस्टचा उत्तरार्ध आणि सप्टेंबर. गणपतीच्या सुमारास, असं लक्षात ठेवलं तरी चालेल. डॉर्सेट, डेव्हन, हॅम्पशायर, विल्टशायर, सरे आणि वेल्समधलं पेम्ब्रोकशायर, कार्मार्दनशायर हे तिचे भाग. दिवस उन्हाचा हवा. ढग आले की ती गवतात दडते आणि तुमची फेरी फुकट जाते. गुरं किंवा घोडी चरत असलेलं जुनं कुरण निवडा, पायवाट सोडू नका, फाटक लावून घ्या.

एकेका पोवर नजर टाकत सावकाश चाला. फार ताजे नकोत, वरून वाळलेले बघा. पुढ्यातून भुर्रकन आवाज करत काहीतरी जमिनीलगत उडालं आणि चार-सहा मीटरवर जाऊन बसलं, तर तीच. लगेच मागे धावू नका. ती पुन्हा उडेल आणि तेवढंच अंतर राखेल. जिथे बसली ती जागा डोळ्यांनी धरून ठेवा, वाकून, आपली सावली तिच्यावर पडणार नाही अशा बाजूने जा. खात बसलेली असेल तर बरंच जवळ जाऊ देते, कारण धरलेलं सोडून जायची तिची तयारी नसते. मोबाइलवर चांगला फोटो मिळण्याची हीच वेळ.

दिसली तर कळवायचं कुठे, आणि काय लिहायचं?

ब्रिटनमध्ये सोल्जरफ्लाय आणि त्यांच्या भावकीची नोंद ठेवणारी एक योजना आहे, आणि नोंदी आयरेकॉर्ड या संकेतस्थळावर टाकता येतात. तारीख, ठिकाण आणि फोटो एवढं लागतंच. तिच्या तोंडात काय होतं ते दिसलं असेल तर लिहा, निदान ‘काळा भुंगेरा’ किंवा ‘हिरवा नाकतोडा’ इतकं तरी. कुरणात कोणती जनावरं चरत होती आणि ती शेणावर बसली होती की लिदीवर, हेही टाका. बहुतेक जण एवढं टिपत नाहीत, आणि नोंदी तपासणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं. महाराष्ट्रात दिसलेल्या दरोडेखोर माश्यांचे फोटो आयनॅचुरलिस्टवर टाका. बाजूने काढलेला एक, वरून एक आणि चेहऱ्याचा एक. फक्त पाठीच्या फोटोवरून या कुळातली जात ओळखणं जाणकारांनाही बहुधा जमत नाही.